समोरून ऐकलेला ‘घण’

आमच्या धंद्यात कौतुक नसतं. कार्यक्रम रंगला तर गायक छान गायलेला असतो, आणि पडला तर साउंड खराब असतो. दुसरी गोष्ट सांगायला पुण्यातले लोक मध्यंतराचीही वाट बघत नाहीत. शेवटच्या रांगेतून एक गृहस्थ उठतात, चपला नीट घालून माझ्यापर्यंत चालत येतात आणि विचारतात, “बाई, हे मुद्दाम असं ठेवलंय का आपण?” तीसेक वर्षं मी हा प्रश्न ऐकला आणि दरवेळी तितक्याच शांतपणे उत्तर दिलं, “हो. खास आपल्यासाठी.”

शनिवार पेठेत आमच्या वडिलांचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. वडिलांना सगळे आबा म्हणत. लग्न, निवडणूक, सत्यनारायण, बारसं, काहीही असो, आबांचे कर्णे हातगाडीवरून निघायचे. भाऊ बँकेत चिकटला. मला शाळकरी वयापासून दुकानात बसून वायरी सोलायची सवय होती, त्यामुळे आबांचे गुडघे गेल्यावर किल्ली माझ्याकडे आली. नातेवाइकांना वाटलं, चार दिवसांची हौस आहे. गिऱ्हाइकं विचारायची, “साउंड करायला कोण येणार?” मी म्हणायचे, “मीच.” मग ती जरा थांबून म्हणायची, “नाही म्हणजे, बरोबर कोणी?” “बरोबर स्पीकर येतात,” मी सांगायचे.

या सगळ्या वर्षांत मी कीर्तनं केली, राजकीय सभा केल्या, शाळांची गॅदरिंगं केली. पण दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरल्यावर मला एकाच गिऱ्हाइकाविषयी लिहावंसं वाटलं, ते म्हणजे ‘घण’ नावाचा रॉक बँड. साउंडवाल्याला कोणी ‘तुमचा आवडता बँड कोणता’ असं विचारत नाही. विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं, आणि त्या बँडनं माझे किती स्पीकर फाडले तेही सांगितलं असतं.

पहिला फाडला तो ओळख व्हायच्याही आधी. एका दुपारी कारखान्याच्या निळ्या कपड्यांतला एक तरुण दुकानात शिरला. खांद्याला गिटार होती. “ताई, हिचा आवाज मावेल असा स्पीकर आहे का?” मी ऑर्केस्ट्रावाल्यांना देते तो स्पीकर दाखवला. त्यानं तार जोडली, सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली आणि स्पीकरचा कागद मधोमध फाटला. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. यानं विचारलं, “याच्याहून मोठा?”

हा सलीम शेख. भोसरीला एका कारखान्यात लोखंड तापवून ठोकायच्या विभागात कामाला होता. बँडचं नाव ‘घण’ का, हे कोणी विचारलं की तो म्हणायचा, “दिवसभर तेच ऐकतो. संध्याकाळी दुसरं काय सुचणार?” तो गिटार वाजवायचा आणि गायचा. धाकटा भाऊ रफिक ड्रमवर. बासगिटारला कॉलेजात शिकणारा कोणीतरी असायचा, आणि तो शिकून झाला की अमेरिकेला जायचा. घणचे जुने बासवाले तिकडे इतके झाले होते की त्यांनी ठरवलं असतं तर तिथे स्वतःचं एक मंडळ काढलं असतं.

वाद्यं मात्र या घरात फार आधीपासून होती. सलीमचे वडील, युसुफचाचा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, आणि त्यांचे वडीलही त्याच बँडमध्ये होते. फाटलेल्या स्पीकरचं बोलायला चाचा स्वतः दुकानात आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. आबांना त्यांनी मिठी मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “बेटी, तुझ्या आबांनी माझं निम्मं काम खाल्लं. पहिले एका लग्नात बँड तीनदा लागायचा. हळदीला, वरातीला, नवरी निघताना. मग यांचे भोंगे आले आणि आम्ही फक्त वरातीला उरलो.” आबा म्हणाले, “अहो, तुमची मुलं आता त्याचाच सूड घेतायत. माझ्या मुलीचे स्पीकर फाडतायत.” दोघं म्हातारे यावर इतके हसले की स्पीकरचं बोलणं राहूनच गेलं.

घणची तालीम भवानी पेठेत व्हायची, चाचांच्या बँडच्या खोलीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, बंद खोलीत इतक्या मोठ्या आवाजानं कान फाटणार. पण आवाज अगदी स्वच्छ होता. भिंतींकडे बघितल्यावर कारण कळलं. चारी बाजूंना वरातीचे लाल कोट टांगलेले होते, जाड लोकरी कापडाचे, सोनेरी झालरीचे, एकावर एक. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज ते कोट पिऊन टाकायचे. पुढे मी पुण्यातले पुष्कळ स्टुडिओ बघितले. लाखाचा फोम लावलेला असायचा, पण त्या खोलीसारखा आवाज मला कुठेच मिळाला नाही.

घणचा एक नियम होता. गाणी फक्त स्वतःची आणि फक्त मराठीत. इंग्रजी गाणी वाजवणारे बँड कॅम्पात पूर्वीपासून होते आणि चांगले होते. सलीमला त्यात रस नव्हता. “दुसऱ्याची गाणी वाजवायला घरात एक बँड आहे की,” तो म्हणायचा. त्याची गाणी तिसऱ्या पाळीवर असायची, पाण्याच्या टँकरवर असायची. एक घरमालकावर होतं. पुण्यात घरमालकावरच्या गाण्याला टाळ्या हमखास. मधल्या एका गाण्यात चाचा लाल कोट चढवून यायचे आणि क्लॅरिनेट अशी फुंकायचे की पुढे बसलेले कॉलेजचे विद्यार्थी खुर्च्यांवर उभे राहायचे. चाचा उतरताना मला म्हणायचे, “लोग घोड्याबिगर नाचले, बेटी. कमाल आहे.”

इथे जरा धंद्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

लोकांना वाटतं साउंड म्हणजे आवाज मोठा करणं. गणपती मंडळांच्या अध्यक्षांना तर तेवढंच वाटतं. एक अध्यक्ष मला म्हणाले होते, “छाती धडधडली पाहिजे.” मी त्यांना डॉक्टरांचा पत्ता दिला. खरं काम वेगळं असतं. स्टेजवर प्रत्येक वाद्याला आणि गळ्याला एकेक माइक किंवा वायर असते. त्या सगळ्या माझ्यापुढच्या मिक्सरवर येतात. तिथे प्रत्येकाचं एकेक वरखाली सरकणारं बटण असतं, त्याला आम्ही फेडर म्हणतो. कोणाचा आवाज किती, हे मी लोकांच्या मधे बसून, लोकांच्या कानानं ठरवायचं.

स्टेजवरच्या माणसाला मात्र हे काहीच ऐकू येत नाही. मोठे स्पीकर त्याच्या पुढे असतात आणि तोंडं लोकांकडे. म्हणून त्याच्या पायाशी त्याच्याकडे तोंड केलेला एक छोटा स्पीकर ठेवतात, तो मॉनिटर. मॉनिटरमध्ये ज्याला जे हवं ते मिळतं. ड्रमवाला म्हणतो मला बास द्या, गायक म्हणतो मला फक्त मी द्या. म्हणजे स्टेजवर चार माणसं असली तर चार वेगवेगळे कार्यक्रम चालू असतात, आणि लोक ऐकतात तो पाचवा. वाजवणाऱ्याला स्वतःचा बँड समोरून कधीच ऐकता येत नाही. सलीमलाही इतक्या वर्षांत आला नव्हता.

दुसरी गोष्ट पट्टीची. आपल्याकडे गाणाऱ्याचा गळा पाहून साथीदार वाद्य लावतो. पेटीवाला आधी विचारतो, कुठली पट्टी? घणमध्ये हे उलटं होतं. सलीमची गाणी गिटारवर जन्मायची, त्याच सगळ्यांत जाड तारेवर, ती मोकळी सोडून, म्हणजे वर बोट न दाबता. तो खर्ज हा घणचा पाया. सलीमचा गळाही नेमका त्याच पट्टीचा, त्यामुळे कोणाला कधी प्रश्नच पडला नाही.

मधल्या काळात पुणं बदललं आणि आम्ही सगळेच त्याच्याबरोबर बदललो. पूर्वी मिक्सर म्हणजे बुधवार पेठेतल्या दुकानांतून सुटे भाग आणून घरी जोडलेली पेटी. मग परदेशी माल सरळ दुकानात मिळायला लागला. पहिला परदेशी मिक्सर मी हळदकुंकू लावून उघडला. सगळं इंग्रजीत लिहिलेलं होतं, पण माइक स्पीकरच्या पुढे नेला की शिट्टी तीच, देशी. सलीमच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. त्यानं ती घेतली आणि घरी गिटारचा वर्ग काढला. वर्गाला आयटीतली मुलं यायची, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकत असायचं. खराडीत आम्ही पूर्वी हुरडा खायला जायचो. तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक इमारतीला वर्षातून एकदा ‘ॲन्युअल डे’ येऊ लागला. घणला तिथे बोलावणी यायची, कारण आयोजकांमध्ये सलीमचा एखादा विद्यार्थी असायचाच. चाचा या सुमारास गेले. शेवटच्या आजारातही लाल कोट खुंटीवर समोर दिसेल असा ठेवायला सांगितला होता. ते गेल्यावर त्यांच्या गाण्यात क्लॅरिनेटच्या जागी सलीम नुसता थांबायचा, आणि मी त्या जागेवर कोणाचाच फेडर हलवायचे नाही.

मग सलीमचा आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग चिंचवडच्या एका कार्यक्रमात वरच्या सुरावर फुटला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रावर गाठी आहेत, काढू. बोलता येईल, गाण्याचं विसरा. शस्त्रक्रिया झाल्यावर मी त्याला भेटायला गेले तर तो तालमीच्या खोलीत कोटांखाली बसला होता. मला बघून खरखरत म्हणाला, “मंगलताई, आता तुम्हाला एक माइक कमी.” मला रडू आलं आणि त्याला ते आवडलं नाही, म्हणून मी वायरी गुंडाळत बसले.

गायक नाही तर बँड नाही. बाहेरचा गायक आणावा तर सलीमची गाणी तो उसनी गाणार. तेव्हा रफिकनं आयेशाचं नाव काढलं. आयेशा सलीमची मुलगी. तालमी चालू असताना माझ्या केबलच्या खोक्यांवर झोपून मोठी झालेली, आता खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला. घरात सारखी गायची. सलीम लगेच तयार झाला. मुलगी स्टेजवर गाणार याला त्याची काही ना नव्हती, उलट त्याचा चेहरा उजळला. त्याची ना होती ती एकाच गोष्टीला. पट्टी बदलायची नाही.

“पट्टी चढवली तर ती तार मोकळी राहत नाही,” तो म्हणाला. “गाणं राहील, ताई. घण राहणार नाही.”

तर आयेशा बापाच्या पट्टीत गायला लागली. बाईचा गळा आणि पुरुषाचा खर्ज. ती इतकी खाली उतरून गायची की शब्द ओठांतून बाहेर पडायच्या आधीच विरायचे. वर ड्रम आणि दोन गिटारी. मी तिचा फेडर चढवायचे, तर माइक तिच्या आवाजाबरोबर रफिकचे ड्रमही ओढून आणायचा, आणि आणखी चढवला की शिट्टी. साउंडवाला असलेला आवाज मोठा करतो, नसलेला आणू शकत नाही. पहिल्या कार्यक्रमानंतर एक आजोबा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “मुलगी छान आहे हो. मूकाभिनय करते का?”

मी सलीमला सांगितलं. तो म्हणाला, “मला तर एकेक शब्द स्वच्छ ऐकू येतो.” येणारच. त्यानंच मला सांगून त्याच्या मॉनिटरमध्ये तिचा आवाज पूर्ण ठेवून घेतला होता. पायाशी लेक गात होती आणि त्याचं मन भरून येत होतं. समोर कोणाला काही ऐकू येत नव्हतं. मी पुन्हा सांगितलं तेव्हा तो चिडला. “मंगलताई, वाईट वाटून घेऊ नका, पण साउंड तुमचाच बिघडलाय.” इतक्या वर्षांत शेवटच्या रांगेतल्या गृहस्थांनी मला जे ऐकवलं ते मी झाडून टाकलं. हे मला लागलं. मी बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

खराडीचा कार्यक्रम जवळ आला, आयेशाच्याच कंपनीचा. त्याआधी ती एकदा ऑफिसातून सरळ दुकानात आली. पाठीवर लॅपटॉपची पिशवी तशीच. स्टुलावर बसली आणि म्हणाली, “मावशी, आय ॲम डन. घसा रोज दुखतो. गाऊन झालं की ऑफिसात दोन दिवस बोलता येत नाही. आणि एवढं करून कुणाला ऐकूही जात नाही. सिरियसली, मी सोडतेय. खराडीचा शो झाला की अब्बांना सांगते.”

“मग बँड?”

“बंद होणार. माहितीये मला. म्हणून तर इतके महिने गप्प बसले.”

“अगं, मग त्याला सांग ना, पट्टी बदला म्हणून.”

“मावशी, त्यांचं गाणं गेलंय. आता त्यांची पट्टीपण मी काढून घेऊ?”

मी नुसता दुकानातला तपासणीचा माइक तिच्या हातात दिला आणि म्हटलं, “घरमालकाचं म्हण. तुझ्या गळ्याला येईल तसं.” ती आधी नको म्हणाली. मग डोळे मिटून म्हणायला लागली. दुकानात एक गृहस्थ बारशासाठी स्पीकर ठरवायला आले होते. ते दारातच थांबले. ते गाणं मी हजार वेळा ऐकलं असेल, पण घरमालकाला इतकं झणझणीत कोणी सुनावलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. बापाच्या गळ्यात ती तक्रार होती. लेकीच्या गळ्यात ती तक्रारही होती आणि ‘बघून घेईन’ही होतं. गाणं संपल्यावर गृहस्थ म्हणाले, “आमच्याकडे याच येणार आहेत का?” मी म्हटलं, “बारशाला झेपणार नाही तुमच्या.”

खराडीला कंपनीच्या हिरवळीवर स्टेज होतं. दुपारी आम्ही साउंड चेकला पोचलो. कार्यक्रमाआधी एकेक वाद्य, एकेक माइक वाजवून बसवून घ्यायचा असतो, ते म्हणजे साउंड चेक. कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी एक तरुण मुलगी हातात फोन घेऊन माझ्याभोवती फिरत होती. “मॅम, तुमची साँग्ज डान्सेबल आहेत ना? लास्ट इयर लोक बसूनच होते.” मी तिला म्हटलं, “यंदा उभे राहतील. खुर्च्या कमी मागवल्यायत तुम्ही.”

घणनं पहिलं गाणं धरलं. आयेशा नेहमीसारखी खाली उतरली. मी हेडफोन काढून ठेवले, स्टेजपाशी गेले आणि म्हणाले, “सलीम, गिटार निखिलला दे आणि खाली ये.” निखिल म्हणजे तेव्हाचा बासवाला, नागपूरचा, आयटीतला. गिटारही बरी वाजवायचा.

“कशाला?”

“ये तर खरं. माझा साउंड बिघडलाय ना, दाखव कुठे बिघडलाय.”

हे जरा टोचून बोललं गेलं, पण त्यामुळेच तो उतरला. निखिलनं गिटार गळ्यात घातली आणि सलीम माझ्याजवळ मिक्सरपाशी येऊन उभा राहिला. गाणं पुन्हा सुरू झालं. त्याच्या चेहऱ्यावर आधी मजेदार भाव होते. तो गिटार ऐकत होता, ड्रम ऐकत होता. आपणच बांधलेलं घर पहिल्यांदा रस्त्यावरून बघावं तसा बघत होता. मग त्याच्या कपाळावर आठी आली.

“आयेशा गातेय का?”

“गातेय.”

“मग वाढवा की.”

“तू वाढव,” मी म्हटलं आणि तिचा फेडर दाखवला. माझ्या मिक्सरला मी कोणालाही हात लावू देत नाही, पण त्या दिवशी लावू दिला. त्यानं फेडर वर केला. शिट्टी. घाईनं खाली आणला. मग अगदी हळू, झोपलेलं मूल जागं होऊ नये अशा बेतानं वर नेला. पुन्हा शिट्टी. रफिक ड्रम थांबवून आमच्याकडे बघायला लागला. सलीमनं त्याला हातानं खूण केली, चालू ठेव. आणि तो मिक्सर सोडून मागे चालत गेला. हिरवळीच्या टोकापर्यंत गेला, तिथे उभा राहून त्यानं पूर्ण गाणं ऐकलं. आयेशाचे ओठ हलताना दिसत होते. ती मन लावून गात होती, तिच्या मानेच्या शिरा माझ्या जागेवरूनही दिसत होत्या.

परत आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

“असं कधीपासून आहे?”

“पहिल्या कार्यक्रमापासून.”

“मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं होतं, सलीम.”

त्यानं एकदा स्टेजकडे बघितलं. मग म्हणाला, “हां. सांगितलं होतं.”

तो स्टेजच्या मागे गेला, आणि रफिक आणि निखिलला बोलावून घेतलं. मी वायर बघायच्या निमित्तानं मागोमाग गेले, खोटं कशाला बोलू. निखिल विचारत होता, “काका, तिची पट्टी कोणती घ्यायची? आयेशाला विचारू का?” सलीम म्हणाला, “कशाला विचारतो? घरात भांडी घासताना रोज गाते ती. मला माहीत नाही होय?” त्यानं निखिलकडून कॅपो मागून घेतला. कॅपो म्हणजे गिटारच्या दांड्याला लावायचा चिमटा. तो लावला की सगळ्या तारा एकदम वरच्या पट्टीत जातात. जाड तारेचा खर्ज अर्थात जातो. “खर्ज आता तू सांभाळ,” तो निखिलला म्हणाला. निखिल बिचारा बावरला. “काका, तो तर तुमचा आहे.” “म्हणून तर नीट सांभाळ.”

संध्याकाळपर्यंत आयेशाला बरोबर घेऊन तीनच गाणी नव्या पट्टीत बसली. व्यवस्थावाल्या मुलीला सांगितलं तर ती जवळजवळ रडायला आली. “सर, एक तासाचा स्लॉट आहे!” सलीम म्हणाला, “तीन गाणी. जमत नसेल तर दोन.” आयेशाला त्यानं एवढंच सांगितलं, “पानी पी. और आज दबाके नहीं, खुलके गा.” ती माझ्याकडे बघायला लागली. मी खांदे उडवले.

दिवे लागले, लोक जमले. पहिलं गाणं टँकरचं. सलीमनं चिमटा लावलेल्या गिटारवर सुरुवात केली. ओळखीची सुरावट, पण उंचावर, जरा हलकी. सलीम म्हणाला होता ते खरंच होतं, जुना घण राहिला नव्हता. मग आयेशानं पहिली ओळ घेतली आणि हातात फोन धरून बसलेल्या पोरांनी माना वर केल्या. दुसरं तिसऱ्या पाळीचं. रात्रपाळी म्हणजे काय हे त्या लोकांना मुळीच समजावून सांगावं लागलं नाही. अमेरिकेच्या वेळेवर कामाला बसणारी मंडळी ती. अर्धे उभे राहिले. व्यवस्थावाली मुलगी माझ्याजवळ येऊन नुसतीच उड्या मारत होती.

तिसऱ्याच्या आधी सलीमनं गिटारची एक उतरलेली तार लावायला चिमटा काढला आणि खिशात घातला. लोक ओरडत होते, रफिक हसत होता, सगळ्यांनाच चेव आला होता. आणि त्या भरात सलीमनं चिमटा न लावताच घरमालकाचं गाणं सुरू केलं. जाड तार, मोकळी, जुन्या पट्टीत. सगळी हयात त्या हातांनी तेच केलं होतं.

आयेशा थांबली नाही. मला दिसलं, तिनं मान खाली केली, खांदे आत घेतले आणि बापाच्या सुरात उतरली. पहिला शब्द विरला. तिनं सलीमला अडवलं नाही, नजरेनंही काही दाखवलं नाही. माझा हात आपोआप तिच्या फेडरकडे गेला.

आणि गिटार थांबली. रफिकचा एक ठोका पुढे पडला, मग तोही थांबला. हिरवळीवर एकदम शांतता. लोकांना वाटलं वायर गेली, माझ्याकडे वळून बघायला लागले. अशा वेळी सगळे माझ्याकडेच बघतात. सलीमनं खिशातून चिमटा काढला, हातात धरला, पण लावला नाही. तो चालत आयेशाच्या माइकपाशी गेला. त्या माइकपाशी तो शस्त्रक्रियेनंतर एकदाही गेला नव्हता. फुटलेल्या, खरखरीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“चूक माझी. गाणारी ही आहे.” मग तिच्याकडे वळून, “बेटा, तेरा सूर दे.”

आयेशानं डोळे पुसले, खांदे मोकळे सोडले आणि सा लावला. भरलेला, सरळ, कुठेही न दबलेला. सलीमनं मान खाली घालून चिमटा लावला आणि तार त्या सुराला मिळवून घेतली. निखिलनं खाली खर्ज धरला. ती तोपर्यंत सा धरून उभी होती, आणि तो वाढत वाढत मागच्या काचांपर्यंत गेला. मी फेडरला हात लावला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज थोडा खाली आणला.